घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप : डिस्क, क्लाउड की दोन्ही?

अबोली

मंडळी, सल्ला हवाय. घरी विंडोज १० चा जुना डेस्कटॉप आहे आणि नवऱ्याचा विंडोज ११ चा लॅपटॉप. डेस्कटॉपवर साधारण ६०० जीबी ऐवज आहे. २००४ पासूनचे फोटो, लेकीच्या नाचाचे व्हिडिओ (सगळ्यात जास्त जागा हेच खातात), डोंबिवलीच्या घराचे आणि गावच्या जमिनीचे स्कॅन केलेले कागद, आणि बाबांचे लेख. बाबा वर्षानुवर्षं श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) टाइप करायचे, काही पेजमेकरमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर), काही वर्डमध्ये. आता त्यांना स्क्रीनकडे फार वेळ बघवत नाही, पण लेख सगळेच्या सगळे जपायचे आहेत.

आमच्या कॉम्प्युटरवाल्याने पूर्वीच सांगितलं होतं म्हणून सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवलंय, म्हणजे विंडोज बिघडलं तरी डेटा सुरक्षित. पण विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ पासून बंद, त्यात मशीन हल्ली कुरकुर करतं, त्यामुळे धाकधूक वाटते. बजेट एकदाच काय ते आठ-दहा हजार. दर महिन्याचं भाडं नको वाटतं. २ टीबीची डिस्क घ्यावी का? घेतली तर हार्ड डिस्क की एसएसडी? की सरळ क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची जागा?

आगाऊ_कार्टं

वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) चालू कर ताई, विषय संपला. विंडोज स्वतःच दहा वेळा विचारतं बॅकअप घेऊ का म्हणून.

रात्रपाळी

कार्ट्या, विषय आत्ता कुठे सुरू झालाय.

अबोलीताई, आधी डी ड्राइव्हचं बघू. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात 'डिस्क ०' असं लिहिलेल्या एकाच पट्टीत सी आणि डी शेजारी शेजारी दिसत असतील, तर ती एकच डिस्क आहे. एका खोलीत मधे पडदा लावून दोन खोल्या म्हणायच्या, तसं. सी फॉरमॅट केला तर डी वाचतो, तेवढ्यापुरता तुमचा कॉम्प्युटरवाला बरोबर. डिस्कच बसली तर सी आणि डी हातात हात घालून जातात.

दुसरं म्हणजे ती कुरकुर. काहीही खरेदी करायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून डिस्कची तब्येत बघा. 'गुड' आलं तर निवांत. 'कॉशन' आलं तर आजच्या आज जी डिस्क, जो पेनड्राइव्ह हाताशी असेल त्यावर बाबांचे लेख आणि कागद आधी काढा, फोटो नंतर, व्हिडिओ शेवटी. अशा डिस्कवर डीफ्रॅग किंवा चेकडिस्क असले दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवत बसू नका. आजारी डिस्कला उगाच पळवलं की उरलेलंही जातं.

आता वनड्राइव्ह. विंडोज ज्याला 'बॅकअप' म्हणतं ते सिंक आहे. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते. रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहते, पण डिसेंबरात पुसलेलं फोल्डर मे महिन्यात आठवलं तर काय करणार? शिवाय ते घेतं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असली ठरावीक फोल्डर्स. ताईंचा माल डी मध्ये, म्हणजे त्यातलं काहीच जाणार नाही. आणि फुकटची जागा ५ जीबी. नाचाचा एक कार्यक्रम मावला तरी मिळवली.

नानबा

आम्ही आपले डीव्हीडीवाले. एकदा जाळली की व्हायरसच्या बापाला बदलता येत नाही.

रात्रपाळी

नाना, मुद्दा खरा आहे, लिहिलेली डीव्हीडी बदलत नाही. पण ६०० जीबी भागिले ४.७ केलं तर सव्वाशेच्या वर चकत्या होतात. त्या जाळणार कोण, आणि दहा वर्षांनी वाचायला ड्राइव्ह आणणार कुठून? नव्या लॅपटॉपला तो नसतोच.

दर्यावर्दी

आणि आमच्या कोकणात डीव्हीडीवर बुरशीची नक्षी येते नाना. प्रकाशात धरली की झाडाच्या फांद्या दिसतात.

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ चा पूर सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गल्लीत एक अकाउंटंट बसतात, त्यांच्याकडे बॅकअप होता की. एक्सटर्नल डिस्क, रोज संध्याकाळी न चुकता टॅलीचा डेटा त्यावर. ठेवायचे कुठे? ज्या टेबलाखाली सीपीयू, त्याच टेबलाच्या खणात. पाणी उतरल्यावर खण उघडेना, लाकूड फुगलं होतं. आत डिस्क, चेकबुकं, स्टॅम्प पॅड, सगळं एकाच रंगाच्या चिखलात. कामाला आलं ते एवढंच, की मार्चअखेरचा डेटा त्यांनी पुण्याच्या भागीदाराला मेलने पाठवलेला होता.

तर ताई, एक डिस्क घेऊन ती कॉम्प्युटरशेजारच्या कपाटात ठेवणार असाल, तर डिस्क बिघडण्यापासून वाचाल, पण पाणी, आग आणि चोर या तिघांपासून नाही. डोंबिवलीत खाडी लांब असेल, पण शॉर्टसर्किट लांब नसतं.

जाता जाता: भिजलेली डिस्क कधीही लावून बघू नका. हेअर ड्रायर नाही, ऊन नाही, तांदळाचा डबाही नाही. आहे तशी ओली प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायची. चिखल आत वाळला की तबकडीवर चिकटतो, मग त्याच्याही हातात फारसं काही राहत नाही.

पमाकाकू

बापरे. मी तर ओल्या मोबाइललासुद्धा तांदळात ठेवते.

टोरांटोकर

दर्यावर्दी, +१. आणि क्लाउड म्हणजे आकाशात असतो अशी समजूत असेल तर तीही सोडा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचं मूळही गेलं आणि प्रतही. चिपळूणच्या खणात आणि त्यात तत्त्वतः काही फरक नाही, फक्त खण महाग होता.

छायाचित्रकार पीटर क्रोग याने रूढ केलेला ३-२-१ चा नियम इथे कुणी सांगितला नाही अजून, म्हणून सांगतो. एकूण ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर. मूळ फाइल ही पहिली प्रत धरायची. घरासाठी 'दोन प्रकारच्या साधनांवर' हा भाग मी फार ताणत नाही. घराबाहेरची प्रत मात्र सोडू नका.

घाटावरचा

सगळे पाण्यावर आणि आगीवर बोलताय. घरच्या मशीनचा खरा वैरी रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. मे २०१७ चं वॉनाक्राय आठवतंय ना? मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, ज्यांनी अपडेट टाकलं नव्हतं ते सापडले. ताईंचं विंडोज १० आता त्याच रांगेत उभं आहे.

पण घरगुती लोकांना सगळ्यात जास्त पिडलं ते स्टॉप ऊर्फ डीजेव्हीयू नावाच्या टोळक्याने, आणि ते यायचं कुठून, तर क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून. फुकटचं फोटोशॉप, फुकटचं ऑफिस, की-जेन (खोटी लायसन्स की बनवणारे प्रोग्रॅम). आपल्याकडे ही सवय किती आहे ते इथे लिहायला नको. एकदा चाललं की पोहोचेल त्या प्रत्येक ड्राइव्हवरच्या फाइल्स कुलूपबंद. चोवीस तास लावून ठेवलेली बॅकअप डिस्क त्याच्या दृष्टीने आणखी एक ड्राइव्ह, बस्स.

म्हणून माझा नियम एकच: बॅकअप घेतला की डिस्क काढायची. वायर लावलेली डिस्क मी बॅकअपमध्ये मोजतच नाही.

आगाऊ_कार्टं

मी नॅस घेतलाय, घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी. त्यात रेड १, म्हणजे दोन डिस्क एकमेकींच्या प्रती. आता बोला.

घाटावरचा

बोलतो. एक डिस्क बिघडली तर तुझं काम थांबणार नाही, त्यासाठी रेड उत्तम. पण तू चुकून फोल्डर उडवलंस तर दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी उडेल. नॅसमध्ये जुन्या आवृत्त्या ठेवायची, म्हणजे स्नॅपशॉटची सोय असेल तर ती चालू कर, आणि त्या नॅसचाही बॅकअप घे.

आगाऊ_कार्टं

बॅकअपचा बॅकअप. बायको घराबाहेर काढेल.

टोरांटोकर

मग घराबाहेरच्या प्रतीची सोय आपोआप झाली.

पमाकाकू

मुलांनो, ताईंच्या प्रश्नाला कुणीतरी सरळ उत्तर द्या. हार्ड डिस्क की एसएसडी? मलाही घ्यायचीय. आणि ते 'इजेक्ट' करणं खरंच लागतं का? मी सरळ ओढते.

रात्रपाळी

काकू, ओढू नका. स्क्रीनवर कॉपी संपली असं दिसतं तेव्हाही थोडं लिहिणं बाकी असू शकतं. खाली उजवीकडच्या चिन्हावरून इजेक्ट करा, 'आता काढा' म्हटलं की काढा.

बॅकअप घेऊन कपाटात ठेवायची असेल तर साधी फिरती हार्ड डिस्क. एसएसडी वेगवान आहे, पडली तरी सहसा काही होत नाही, पण ती माहिती विजेच्या भाराच्या रूपात धरून ठेवते आणि वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही तर तो भार झिरपतो. झिजलेली असेल तर लवकर, उष्ण जागी त्याहून लवकर. पेनड्राइव्हचंही तेच, वर त्यातली चिप बहुतेकदा हलक्या प्रतीची. हार्ड डिस्कला ती भीती नाही, तिला भीती पडण्याची. चालू असताना टेबलावरून पडली तर खेळ खलास.

अबोलीताई, एका २ टीबीऐवजी १ टीबीच्या दोन घ्या. ६०० जीबी प्रत्येकीत मावतंय. एक घरी, एक दुसरीकडे, आणि अधूनमधून अदलाबदल. शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच लॉटमधला दोष दोघींत यायला नको. सेलमध्ये हजार रुपयांत १६ टीबी दिसलं तर हात लावू नका. आत छोटी चिप असते आणि विंडोजला खोटा आकडा सांगते. ती भरली की पुढच्या फाइल्स नावापुरत्या दिसतात, आत काही नसतं. नवी डिस्क घेतली की एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या छोट्या फुकट प्रोग्रॅमने ती पूर्ण भरून, वाचून तपासता येते. रात्रभर लावून झोपा.

अबोली

केवढी माहिती! धन्यवाद सगळ्यांना. डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघितलं, एकच पट्टी आहे. 🙁 क्रिस्टलवाल्याने 'गुड' दाखवलं, तेवढाच दिलासा. कुरकुर पंख्याची निघाली.

दुसरी डिस्क माहेरी ठाण्याला ठेवता येईल, महिन्यातून एकदा जाणं होतंच. पण त्यात जमिनीचे कागद, सगळ्यांचे आधार, पॅन. वाटेत लोकलमध्ये पर्स गेली तर?

टोरांटोकर

कुलूप लावून न्या. डेस्कटॉपवर विंडोज प्रो असेल तर त्यातच बिटलॉकर आहे. होम असेल तर बिटलॉकरची डिस्क उघडता येते पण नवी करता येत नाही, अशा वेळी व्हेराक्रिप्ट, फुकट आहे. पासवर्ड विसरलात तर मात्र जगात कुणीही ती उघडून देणार नाही, हे लक्षात घेऊनच लावा. बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की देतो, ती छापून घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलला लावा. ज्या डिस्कला कुलूप आहे त्याच डिस्कवर किल्ली ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

आणि नवऱ्याच्या लॅपटॉपचं आज रात्री बघाच. विंडोज ११ मध्ये बऱ्याच मशीनवर असलं कुलूप (एन्क्रिप्शन) न विचारता चालू झालेलं असतं आणि किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाते. उद्या मदरबोर्ड बदलला की निळी स्क्रीन ते ४८ आकडे मागते, आणि खातं कुठल्या ईमेलवर काढलं होतं हेच आठवत नाही.

कंपोझिटर

धागा वाचतोय केव्हाचा. डिस्कचं सगळं बरोबर सांगितलंत, पण बाबांच्या लेखांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तीस वर्षं डीटीपीत, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्यात गेली, म्हणून लिहितो.

ताई, श्रीलिपीतल्या फाइल्स तुम्ही दहा डिस्कवर कॉपी कराल आणि तरी लेख हरवलेले असतील. युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत) आधीचे फॉन्ट, मग ती श्रीलिपी असो, आकृती, कृतिदेव, शिवाजी की सी-डॅकच्या आयएसएमचे, यांची फाइल आतून मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचे क्रमांक असतात, आणि फॉन्ट त्या क्रमांकावर 'क' किंवा अर्धा 'त' काढून दाखवतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडा: टोप्या घातलेले ए, डॉलर, कंस, प्रश्नचिन्हं. फाइल शाबूत, मजकूर गायब. माझ्याकडे लोक अशा फाइल घेऊन येतात आणि म्हणतात व्हायरस लागला.

म्हणून जुनं मशीन चालू आहे तोवर हे करा. कंट्रोल पॅनेलमधल्या फॉन्ट्समध्ये जाऊन बाबांनी वापरलेले सगळे फॉन्ट कॉपी करून लेखांच्याच फोल्डरमध्ये ठेवा. श्रीलिपीची सीडी आणि डोंगल (सॉफ्टवेअर चालवायला कॉम्प्युटरला लावायची किल्ली) असेल तर टाकू नका. मग प्रत्येक लेख त्याच मशीनवर उघडून पीडीएफ काढा, फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलमध्येच घालून. पीडीएफ कुठेही जशीच्या तशी दिसेल. पेजमेकरच्या फाइल्सना तर हे आधी करा. अडोबीने ७ नंतर पेजमेकर पुढे नेलंच नाही, आणि इनडिझाइनसुद्धा सीएस ६ पर्यंतच त्या फाइल्स उघडायचं, नवं उघडत नाही.

त्यानंतर सवडीने युनिकोडमध्ये रूपांतर. कन्व्हर्टर मिळतात, पण डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. रफार आणि पहिली वेलांटी इथे हमखास घोळ होतो, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. कन्व्हर्टरला ते उलटवावं लागतं. 'धर्म'चं 'धमर्' आणि 'स्थिती'चं 'स्िथती' झालेलं दिसलं की समजायचं. वाचून काढायला बाबांइतका चांगला माणूस नाही. मोठ्या अक्षरात छापून त्यांच्या हातात द्या.

मूळ फाइल्स मात्र रूपांतरानंतरही पुसू नका.

नानबा

कंपोझिटर, तुमचा हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका हो. आमच्या मंडळाच्या स्मरणिका अशाच पडल्यात. वाखू (वाचनखूण) साठवली.

दर्यावर्दी

+१००

घाटावरचा

क्लाउडचं अर्धवट राहिलं. ताई, ६०० जीबी क्लाउडवर टाकायचा हट्ट सोडा, म्हणजे महिन्याचं भाडंही टळेल. कागद, लेख, त्यांचे पीडीएफ, फॉन्ट धरून किती होतील? दोन-चार जीबी. तेवढं गूगलच्या फुकट १५ जीबीत सहज बसतं, पण ते १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत, आणि हल्ली अँड्रॉइडच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्यातच मोजतात, म्हणून आधी जागा बघा. आधार-पॅन असलेलं फोल्डर क्रिप्टोमेटरमध्ये (फाइल्सना कुलूप लावणारा प्रोग्रॅम) घालून चढवा. गूगल फोटोवर फोटो टाकलेत तर 'स्टोरेज सेव्हर' आहे का तपासा, त्यात मोठे फोटो आणि व्हिडिओ लहान करून ठेवले जातात. बघायला ठीक, मूळ प्रत म्हणून नाही.

बाबांचं वेगळं गूगल खातं असेल तर त्यात अधूनमधून लॉगिन करत जा. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे.

टोरांटोकर

पुढेमागे सगळंच चढवायचं ठरलं तर हिशोब: १०० एमबीपीएसच्या वेगाला ६०० जीबी कागदावर तेरा तास वीस मिनिटं. प्रत्यक्षात अपलोडचा वेग वेगळा असतो, तो आधी मोजा.

पमाकाकू

कॉपी करायला सॉफ्टवेअर कुठलं? मी कंट्रोल सी, कंट्रोल व्ही करते.

रात्रपाळी

काकू, पहिल्यांदा तेच करा, काही बिघडत नाही. दुसऱ्या वेळेपासून नेमकं काय बदललंय ते शोधण्यात जीव जातो, तिथे फ्रीफाइलसिंक बरं. त्यात 'मिरर' निवडलात तर मूळ ठिकाणी पुसलेलं डिस्कवरूनही पुसलं जाईल, म्हणून 'व्हर्जनिंग' चालू करून पुसलेल्या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये जातील असं करा. विंडोजचं स्वतःचं फाइल हिस्टरीही वाईट नाही, जुन्या आवृत्त्या ठेवतं, पण डी वरची फोल्डर्स त्यात स्वतः जोडावी लागतात.

आणि घेतलेला बॅकअप उघडून बघा. गिटलॅब ही कंपनी लोकांचा कोड सांभाळते, त्यांचं कामच ते. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती बसवलेल्या, आणि ऐन वेळी त्यातली एकही धड चालेना. वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी कुणी प्रत काढली होती, तिच्यावर निभावलं. त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीर केलं, याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे.

घरी एवढंच करायचं: डिस्क नवऱ्याच्या लॅपटॉपला लावा, मूळ मशीनला नाही. अधलंमधलं एखादं फोल्डर उघडा, २००९ चे फोटो बघा, मोठा व्हिडिओ शेवटच्या मिनिटाला नेऊन चालवा. फाइल्सची संख्या दोन्हीकडे जुळते का ते प्रॉपर्टीजमध्ये दिसतं.

अबोली

ठरलं मग. १ टीबीच्या दोन डिस्क, दोन कंपन्यांच्या. एक इथे लॉकरच्या कपाटात, एक ठाण्याला, व्हेराक्रिप्ट लावून (आमचं होमच निघालं). लेख आणि कागद गूगलवर. लॅपटॉपची ४८ आकडी की सापडली, नवऱ्याच्या जुन्या नोकरीत असताना काढलेल्या खात्यात! छापून घेतली.

कंपोझिटर काका, बाबांच्या वर्डच्या फाइल्समध्ये फॉन्टचं नाव श्री-डेव्ह-०७१४ दिसतंय. पेजमेकरच्या काहींमध्ये उघडताना 'फॉन्ट सापडत नाही' असा चौकोन येतो.

कंपोझिटर

०७१४ चा कन्व्हर्टर सहज मिळेल, फार चालायचा तो फॉन्ट. पेजमेकरचा चौकोन येतो तेव्हा त्यात हरवलेल्या फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं. 'ओके' दाबून पुढे जाऊ नका, तो दुसरा फॉन्ट घालून दाखवेल. आणि तशी फाइल चुकूनही सेव्ह करू नका. नावं उतरवून इथे टाका, माझ्याकडे जुनी सीडी आहे, कुठल्या संचातले ते सांगतो. तोवर त्या फाइल्सची आधी एक प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा.